आधी लावलेली पाकळी

थर्मोकोलचा ज्वालामुखी मला डोळ्यांसमोर नको असतो. विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की कुणाचे तरी वडील तो साखळीच्या बाजारातून रंगवून आणतात. आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर, फसफसून लाल पाणी बाहेर येतं आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. फेस का आला असं मुलाला विचारलं की ते आईकडे बघतं. एका पालकसभेत मी हे सगळं तोंडावर बोलून दाखवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस पालक मला लांबून बघून फाटकाशीच थांबत. माझ्या नाकावर राग असतो हे मला माहीत आहे, आणि शाळेतल्या सगळ्यांनाही.

मी गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. माहेर पेडण्यातलं, हळर्णचं. लग्न करून साखळीला आले आणि आता रोज बसने लाटंबार्शाच्या बाजूला जाते. आमच्याकडे मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत आली की विज्ञान एकदम इंग्रजीत समोर उभं राहतं. बिचारी स्पेलिंगं पाठ करतात आणि त्यालाच विज्ञान समजतात. पानात अन्न कसं तयार होतं हे विचारलं तर लांबलचक इंग्रजी शब्द धडाधड म्हणून दाखवतात, पण अंगणातली तुळस दोन दिवस टोपलीखाली झाकून बघावी असं कुणाच्या मनात येत नाही.

या वयाच्या मुलांनी विज्ञानात काय शिकावं, हा प्रश्न आमच्या प्रशिक्षणांत दर वेळी येतो. गटागटाने बसवतात, मोठा कागद देतात, रंगीत पेनं देतात. बाकीचे शिक्षक लिहितात: सूर्यमाला, पचनसंस्था, पर्यावरण, आरोग्याच्या सवयी. मी मात्र दर वेळी एकच वाक्य लिहीत आले. प्रश्न विचारायला आणि तो तपासून बघायला शिकावं. पुढे उभं राहून मी ते ठसक्यात समजावून सांगायची. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, मग बघा काय होतं. सहावीच्या मुलाला एवढं आलं तर बाकीचं ते स्वतः वाचून घेईल. माझं बोलणं झालं की लोक माना डोलवायचे आणि मी खूश होऊन जागेवर येऊन बसायची.

वर्गातही माझं तेच चालायचं. दोन ओले रुमाल, एक सावलीत, एक उन्हात. पोदेराकडच्या, म्हणजे गावच्या पाववाल्याकडच्या दोन पोळ्या, एक डब्यात बंद, एक उघडी. बुरशी आधी कुठे येते ते बघायचं. मुलं इतकी तयार झाली होती की एकमेकांच्या चुका धरायची. एकाने बंद डबा उन्हात आणि उघडी पोळी सावलीत ठेवली, तेव्हा मागच्या बाकावरून ओरड आली, "टीचर, हेणें दोन गजाली बदलल्यो!" मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन सगळ्यांना तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला.

मग गेल्या वर्षी मी सहावीला सांगितलं, घरातल्या, गावातल्या कुठल्याही गोष्टीवर एक प्रश्न घेऊन या. पुस्तकातला नको. मुलांनी चांगले प्रश्न आणले. बोंडूचा, म्हणजे काजूच्या फळाचा डाग धुतल्यावर काळा का होतो? कोकमाची सोलं सुकताना मीठ घातलं नाही तर काय होईल? आणि एका मुलीने उभं राहून विचारलं, "टीचर, प्रसाद लायतात तेन्ना खंयची पाकळी आदीं पडटा, तें कशार आसता?"

वाचकाला हे सांगायला हवं. आमच्याकडे घरात काही मोठं ठरवायचं असलं, म्हणजे लग्न, विहीर, जागा, आखातातली नोकरी, की गावच्या देवाला प्रसाद लावतात. गुरव घरच्या कर्त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो, देवाच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे वाट बघतात. उजवी आधी पडली की देवाचा होकार. डावी पडली की नकार, मग ते काम करायचं नाही. शिकलेले, न शिकलेले, बँकेतले, खाणीवरचे, सगळे हे करतात. माझ्या घरीही करतात. मी स्वतः त्या गाभाऱ्यासमोर हात जोडून, श्वास रोखून कितीदा उभी राहिलेली आहे.

कुठली पाकळी आधी पडते ते कशावर असतं, हा त्या मुलीचा प्रश्न ऐकून मला भीती वाटायला हवी होती. मला वाटला आनंद. इतका स्वच्छ, तपासता येणारा प्रश्न मला कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. मुलगी हुशार, जरा हट्टी. घरी आई, बाबा आणि बाबांची बहीण, म्हणजे तिची आते. आतेचं लग्न झालेलं नव्हतं आणि या मुलीला लहानाची मोठी तिनेच केलेली. आई काजूच्या कारखान्यात जायची, म्हणून शाळेच्या सगळ्या कार्यक्रमांना आतेच यायची. मी तिला तोंडओळखीने ओळखत होते.

सावधगिरी म्हणून मी वर्गाला एक वाक्य सांगून ठेवलं. आपण देवाची परीक्षा घेत नाही, पाकळीची घेतोय. हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्याच्या आडोशाला आपण सुरक्षित आहोत असं मला वाटत होतं.

शाळेच्या विहिरीजवळ एक काळा दगड पडून होता. तो आम्ही धुऊन वर्गात आणला आणि टेबलावर उभा केला. कुंपणाच्या पिटकुळीची लाल फुलं आणली. मुलं हरखून गेली. पहिल्याच दिवशी गोंधळ: खिडकीतून वारा यायचा आणि पाकळ्या कशाही पडायच्या. "जनेल धांपूंया," असं म्हणून त्या मुलीनेच उठून खिडकी लावली. मग पाणी कमी-जास्त करून बघितलं. पाकळीखाली पाणी बेताचं असलं की ती चिकटून राहते, पाणी जास्त झालं की घसरते. एवढं कळल्यावर बाकीच्यांचा उत्साह सरला. ती मात्र दगडासमोरून हलेना. तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. बोट एकदाच पाण्यात बुडवून दोन पाकळ्या लावल्या तर पहिलीला पाणी जास्त मिळतं, दुसरीला उरलेलं. म्हणजे आधी लावलेली पाकळी आधी पडणार. मग तिने एकच गोष्ट बदलली, लावायचा क्रम. डावी आधी लावली तर बहुतेक वेळा डावी पडली. उजवी आधी लावली तर बहुतेक वेळा उजवी.

मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. ज्वालामुखीवाल्या पाहुण्यांसारख्या.

तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. सोमवारी ती आतेबरोबर गावच्या देवळात गेली, खांबाला टेकून बसली आणि गुरव काय करतो ते नीट बघून आली. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, "टीचर, गुरव सदांच उजवी आदीं लायता." उजवं ते शुभ, म्हणून उजवीकडून सुरुवात, यात नवल काहीच नव्हतं. पण म्हणूनच आमच्या प्रयोगाप्रमाणे तिच्या गावात बहुतेकांना होकारच मिळायला हवा होता. वर्ग हसला. एकजण म्हणाला, देव बरा आहे म्हणून देतो होकार. मीही हसले.

मुख्याध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. देवळाकडून कुणी आलं तर काय करायचं, असं ते मला दोनदा म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या, मी बोलते. मी खरोखरच भांडणाची तयारी करून बसले होते. मनातल्या मनात भाषणही तयार होतं. पण देवळाकडून कुणी आलं नाही. गुरवाला कुणीतरी सांगितलं तेव्हा तो हसला म्हणे. मला थोडं चुकचुकल्यासारखंच झालं.

मला जिकडून काही येईल असं वाटलंच नव्हतं, तिकडून ते आलं. एका सकाळी ती मुलगी डोळे सुजवून शाळेत आली. मधल्या सुट्टीत मी तिला जवळ घेतलं. तिने घरी स्वयंपाकघरातल्या पाट्यावर आतेला प्रयोग करून दाखवला होता. आते आधी हसली. मग तिने पुन्हा लावायला सांगितलं, मग पुन्हा. मग ती उठून मागच्या दारी जाऊन बसली. रात्री जेवली नाही. सकाळी तिने भावाला चहा दिला, पण शब्दाने बोलली नाही.

"कित्याक, टीचर?" ती मला विचारत होती. "हांवें कितें वायट केलें?"

तू काही वाईट केलं नाहीस, असं मी म्हटलं. ते खरंच होतं. मग वाईट कुणी केलं, याचा विचार मी त्या क्षणी टाळला.

पुढे त्या घरातलं मला तुकड्यातुकड्याने कळत गेलं. आतेला तरुणपणी एक स्थळ आलं होतं, पलीकडच्या दोडामार्गातलं. मुलगा इथल्या खाणीवर ट्रक चालवायचा आणि त्याने तिला रस्त्यात येता-जाता बघून मागणी घातली होती. तिलाही तो पसंत होता. पण तेव्हा आतेची आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ नुकता कामाला लागलेला. प्रसाद लावला. देवाने नको म्हटलं, असं घरी सांगितलं गेलं. मग नंतर स्थळं येईनाशी झाली. तिने आईचं सगळं केलं, भावाचं लग्न लावून दिलं, भाचीला वाढवलं. हे सगळं त्या गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाही त्यात काही खटकत नव्हतं. देवाने सांगितलं म्हटल्यावर कोण काय बोलणार?

आता भाचीने बापाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. मीच शिकवलं होतं तसं, उत्तर मिळेपर्यंत. जेवताना विचारायची, बाबा, आतेच्या लग्नाचा प्रसाद लावला तेव्हा तुम्ही काय विचारलं होतं? बाप ताटावरून उठायचा. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. आई तिला दटावायची, तेव्हा ती म्हणायची, टीचर म्हणतात, प्रश्न विचारायला घाबरायचं नाही. हे मला तिनेच फुशारकीने सांगितलं. तिला सोडायला येणारे तिचे वडील मला फाटकाशी दिसायचे. पूर्वी नमस्कार करायचे. आता स्कूटर न थांबवल्यासारखी थांबवून, तिला उतरवून, मान खाली घालून निघून जायचे. मी कुणाला काही बोलले नाही. होईल सगळं शांत, असं म्हणून मी सातवीचे पेपर तपासत बसले.

मग एका दुपारी आते शाळेत आली. शिक्षकांच्या खोलीत ती बसेना, म्हणून आम्ही मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. हातात भाजीची पिशवी होती ती तिने मांडीवरच ठेवली. माझ्यापेक्षा वयाने थोडी लहान असेल. मला वाटलं, आता ही मला चार शब्द सुनावणार, आणि खरं सांगते, तिने सुनावावं असंच मला वाटत होतं.

"टीचर, तें पाकळ्यांचें खरें मगो?" तिने विचारलं.

"आमच्या दगडार खरें," मी म्हटलं. "देवळांत त्या दिसा कितें जालें, तें हांव कशें सांगूं?" शिक्षिकेचं उत्तर म्हणून ते अगदी बरोबर होतं. तिने ते ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"तुमच्या लग्नाक प्रसाद लायिल्लो?"

"लायिल्लो."

"उजवो?"

"उजवो."

"गाराणें कशें घाल्लें?"

मला आठवेना. वडिलांनी गुरवाला काय सांगितलं, गुरवाने देवाला काय विचारलं, मला काहीच ठाऊक नव्हतं. उजवी पडली आणि सगळे हसले आणि कुणीतरी माझ्या हातावर साखर ठेवली, तेवढंच आठवत होतं. माझ्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न कुणी, कोणत्या शब्दांत विचारला होता, याची मी आजवर चौकशीसुद्धा केलेली नव्हती. वर्गात मुलांना मात्र मी रोज सांगत होते, प्रश्न कसा विचारलाय ते आधी बघा.

"माजोय उजवोच पडलो, टीचर," ती म्हणाली.

मला कळेना. देवाने नको म्हटलं होतं ना?

मग तिने सांगितलं. ती बायकांबरोबर मागे उभी होती. भावाने गुरवाला सांगितलं होतं, बहिणीला घरात ठेवणं बरं असेल तर उजवी दे. गुरवाने तसंच गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली. घरी येऊन सगळे म्हणाले, देवाने लग्नाला नको म्हटलं. तिने गाऱ्हाणं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि तेव्हा तिला त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं. आता भाचीने पाट्यावर पाकळ्या लावून दाखवल्या आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उजवी पडायचीच होती. भावाने उलट विचारलं असतं, हे लग्न करणं बरं असेल तर उजवी दे, तर तीच पाकळी तशीच पडली असती आणि ती दोडामार्गात नांदली असती.

"त्यांना ते माहीत नव्हतं," मी घाईघाईने म्हटलं. "पाण्याचं, क्रमाचं. कुणालाच माहीत नव्हतं."

"तें माका कळटा. तेका पाण्याचें खबर नासलें. पूण तेका कितें जाय, तें खबर आसलें." पाण्याचं ठाऊक नसलं तरी आपल्याला काय हवं ते भावाला ठाऊक होतं, हे ती रागाने सांगत नव्हती. एखाद्या दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं जपून बोलत होती. "इतलीं वर्सां हांव देवाचेर रागान आसलें, टीचर. देवाचेर राग धरून रावपाक जाता. तो देवळांत, हांव घरांत. भावाचेर राग धरलो जाल्यार रावूं खंय? तेच्याच घरांत मगो?"

देवावर राग धरून जगता येतं, पण भावावर राग धरून त्याच्याच घरात कसं राहायचं, असं ती विचारत होती. काजूच्या झाडांकडे बघत मी बसून राहिले. माझ्यामुळे या बाईचा आयुष्यभराचा आधार गेला होता. तो आधार खोटा असेल, पण त्यावर ती उभी होती, आणि तो काढून घेताना त्या जागी ठेवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मला फार अपराधी वाटलं. आजही वाटतं. प्रयोगाच्या आधी मी वारा बंद केला होता, पाणी बेताचं केलं होतं. त्या मुलीच्या घरी लग्नाविना राहिलेली एक बाई आहे, हे मला माहीत असूनही मी क्षणभर थांबले नव्हते.

ती माझ्याकडे एक मागणं घेऊन आली होती. भाची काही केल्या गप्प बसत नव्हती. रोज जेवणाच्या वेळी तोच प्रश्न, रोज भाऊ ताट सोडून उठणार, आणि वहिनी रडणार. "तुमी वर्गांत सांगा, प्रयोग चुकलो म्हूण," ती म्हणाली. "ती तुमचेंच आयकता. माका कितें कळपाचें तें कळलें. तें माजेकडेन आसूं. पूण घर चलूंक जाय."

मी नाही म्हणायला हवं होतं का? अजून ठरवता आलेलं नाही. मी होकार दिला. ती उठली, पिशवीतल्या लाल भाजीच्या चार जुड्या काढून माझ्या हातात ठेवल्या, आणि मी नको म्हणायच्या आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या तासाला मी फळ्याकडे तोंड करून म्हणाले की पाकळ्यांचा आपला प्रयोग चुकला होता, त्यावरून काही ठरवायचं नाही, आता पुढचा धडा उघडा. पुस्तकं उघडल्याचे आवाज आले. ती उभी राहिली.

"खंय चुकलो, टीचर?"

"दगड वेगळा होता," मी म्हटलं. "देवळातला दगड घडवलेला, गुळगुळीत. आपला खडबडीत."

तिने विचार केला. "पूण टीचर, दोनूय पाकळ्यो एकाच दगडार लायिल्ल्यो."

बरोबर होतं. दोन्ही पाकळ्यांना दगड तोच, फक्त क्रम बदललेला. हे मीच शिकवलं होतं. एरवी अशा उत्तरावर मी तिला पुढे बोलावून पाठ थोपटली असती. आता माझा आवाज चढला. "चुकला म्हणून सांगितलं ना? खाली बस!" ती बसली. इतक्या वर्षांत मुलांच्या चुकीवर मी पुष्कळ ओरडले आहे. बरोबर उत्तरावर ओरडायची ती पहिली वेळ. तास कसाबसा संपवला. नंतर काय शिकवलं ते मला सांगता येणार नाही.

घंटा झाल्यावर ती थांबली. बाकीची मुलं बाहेर गेल्याची खात्री करून टेबलापाशी आली.

"आते आयिल्ली मगो शाळेंत?"

मी मान हलवून होय म्हटलं. आणखी एक खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती.

"म्हणजे प्रयोग चुकूंक ना. तुमी फट मारली."

"होय," मी म्हटलं. "फट मारली." खोटं बोलल्याची कबुली देऊन मी उगाच टेबलावरचे खडू गोळा करायला लागले.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती हिशोब घालत होती, दगडासमोर उभी राहायची तशीच, ओठ आवळून. "आतेक खरें खबर आसा?"

"आसा."

"तुमका आसा. माका आसा." ती थांबली. "आनी आई कांय विचारिना. मागीर ही फट फकत बाबाखातीर, टीचर?"

तिने एकेक माणूस बाजूला काढत काढत शेवटी एकच उरवला होता. ज्याने देवाला तसा प्रश्न घालायला लावला, तो तिचा बाप एकटा सुटत होता, आणि त्याला सोडवायला आम्ही तिघी एक झालो होतो. मी असा विचार केलेला नव्हता.

"बरें," ती म्हणाली. "हांव सांगतां घरा, चुकलो म्हूण." आणि दप्तर उचलून गेली.

तिने घरी तसं सांगितलं. कसं सांगितलं, ते तिने मला दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन ऐकवलं: टीचरांनी वर्गात सगळ्यांदेखत कबूल केलं, दगड चुकीचा होता. आते भात वाढत राहिली. बाबांनी मात्र बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि ते पोटभर जेवले.